शेक संपले, आता पुढं काय? स्तनाच्या कॅन्सरनंतर गावात राहून घ्यायची काळजी

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात आमचं गाव. घरची सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. २०१७ च्या दसऱ्याच्या सुमारास माझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. मग आठ केमो, मग पंधरा शेक (रेडिएशन). शेवटचा शेक मे महिन्यात झाला. मशीनवरची पोरगी म्हणाली, "काकू, झालं तुमचं." मी एसटीनं घरी आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि सगळ्यांनी धरून चाललं की आता हे संपलं.

उपचार चालू असताना रोज कोणीतरी सांगत होतं, आज इकडे जा, उद्या तिकडे जा. संपल्यावर हातात उरलं एक डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी. पुढं काय करायचं ते मला दोन वर्षांत, चुका करत करत कळलं. तुम्ही किंवा तुमच्या घरची बाई आत्ता त्याच जागी असाल तर हे वाचा. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचं धरा, कारण प्रत्येकीची गाठ वेगळी असते.

१. दवाखाना सोडण्याआधी फाईल पूर्ण करून घ्या

दोन वर्षांनी दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "गाठ कोणत्या प्रकारची होती?" त्याचं उत्तर तुमच्या तोंडात नाही, कागदात आहे. हे कागद हातात आहेत का बघा:

- सुईच्या तपासणीचा आणि ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा रिपोर्ट (दोन वेगळे असतात)
- ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठीवरचं एक प्रथिन) लिहिलेला रिपोर्ट. पुढची सगळी औषधं यावर ठरतात
- ऑपरेशनचा कागद: किती काढलं, काखेतल्या किती गाठी काढल्या
- केमोचा तक्ता: औषधांची नावं, किती वेळा, कोणत्या तारखेला
- शेकाचा कागद: कोणत्या भागाला, किती दिवस
- मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) फिल्मा आणि हृदयाची टू-डी इको (सोनोग्राफी)

केमोसाठी छातीत पोर्ट (औषध सोडायची कातडीखालची डबी) बसवला असेल तर तो कधी काढायचा आणि तोवर किती दिवसांनी धुवायचा, हे लिहून घ्या. तो तसाच ठेवून घरी बसायचं नाही.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पेटीत. आमच्या कौलातून पहिल्याच पावसात पाणी गळलं आणि माझा शेकाचा कागद लगदा झाला. दुसरी प्रत मागायला गेले तर एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवण्यात दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी गेली. तेव्हापासून प्रत्येक पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि पुण्यात शिकणाऱ्या भाच्याच्या मोबाईलमध्येही आहे.

२. तारखा वावराच्या हिशेबानं ठरवा

साधारण रीत अशी: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हातानं तपासायचं, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा.

कागदावर हे सोपं वाटतं. पण १२ डिसेंबर ही तारीख दिली असेल आणि घरात वेचणी ऐन भरात असेल, तर ती तारीख हमखास चुकते. एक चुकली की पुढची आठवतच नाही. मी डॉक्टरांना सरळ सांगितलं की मला या चार वेळा द्या: मृग लागायच्या आधी, पोळा झाल्यावर, डिसेंबरात आणि होळी झाल्यावर. त्यांनी हसून तसंच लिहून दिलं. डिसेंबरची मात्र मी घरच्यांसमोर आधीच पक्की करते. त्या दिवशी वेचायला एक बाई जास्तीची लावायची, एवढाच खर्च.

घरातून विरोध होईल. माझ्या सासूबाई मनानं फार चांगल्या, तरी म्हणायच्या, "आता बरी झाली ना तू, मंग कायले जातं नागपूरले?" मी एकदा त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर समजावलं की परत आलेली गाठ त्याच बाजूची असेल आणि लवकर सापडली, तर बरीच वेळा काढता येते. त्या दिवसापासून तारीख त्याच लक्षात ठेवतात.

प्रत्येक वेळी मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. आपल्याकडे नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, नागपूरचं सरकारी मेडिकल, मिहानमधलं एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं रुग्णालय ही ठिकाणं आहेत. ऑपरेशन मुंबईत झालं असेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारा की मधल्या भेटी जवळच्या दवाखान्यात करू का. पुष्कळदा ते हो म्हणतात आणि तशी चिठ्ठी देतात.

३. कोणती तपासणी लागते आणि कोणती नाही

वर्षातून एकदा मॅमोग्राफी. एक स्तन काढला असेल तर दुसऱ्याची. स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल तर दोन्हीची. ऑपरेशन झालेल्या बाजूची पहिली मॅमोग्राफी शेक संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी करतात. जुन्या फिल्मा सोबत न्या. नव्या-जुन्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

आता सापळा. काही त्रास नसताना दरवर्षी सगळ्या अंगाचा पेट स्कॅन, हाडांचा स्कॅन, रक्तातले 'कॅन्सर मार्कर' करायची गरज नसते. त्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, आणि उगाच काहीतरी शंका निघून आणखी सुया टोचल्या जातात. माझ्या ओळखीच्या एका बाईनं बकऱ्या विकून असा स्कॅन केला, कोणी डॉक्टरांनी सांगितलं नसताना, केवळ भीतीपोटी. तक्रार असेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर नक्की करा. लॅबवाल्याच्या पत्रकावरून करू नका.

हर-टूचं इंजेक्शन चालू असेल तर ते साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी असतं आणि मधून मधून टू-डी इको लागते. 'इंजेक्शन मोफत मिळतंय ना, इको राहू द्या' असं करू नका. ते औषध काहींच्या हृदयावर ताण आणतं, आणि इकोतच ते आधी दिसतं.

४. रोजची गोळी

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर रोज एक गोळी, पाच वर्षं, काहींना दहा. मला टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम. पाच वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी ती पुढं चालू ठेवली. तुमच्या रिपोर्टात तिन्ही निगेटिव्ह असतील तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. शेजारणीला आहे आणि मला का नाही म्हणून घाबरू नका.

दुसऱ्या वर्षी वेचणीच्या दिवसांत माझ्या गोळ्या संपल्या. तालुक्याच्या दुकानात नव्हत्या. आज जाऊ, उद्या जाऊ करत दीड महिना गेला. अंगाला काहीच जाणवलं नाही, आणि याच गोष्टीमुळे बाया गोळी सोडतात. डॉक्टरांनी रागावून नाही, पण अगदी स्पष्ट सांगितलं: ही गोळी दुखणं थांबवायची नाही, गाठ परत येऊ नये म्हणून आहे, म्हणून तिचं काम दिसत नाही. तेव्हापासून एक महिन्याचा साठा घरात जास्तीचा असतो. जनऔषधी दुकानात टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल स्वस्तात मिळतात. चुकून एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली फळीवर गोळ्या ठेवू नका. माझ्या घडवंचीजवळ, माठाच्या बाजूला असतात.

टॅमॉक्सिफेनवर अंगातून गरम वाफा येतात, पांढरं जातं. त्याची सवय होते. पण पाळी बंद झालेली असताना पुन्हा रक्त गेलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा एकाएकी दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उदासीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी काही लिहिलं तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगा. काही औषधं तिचं काम कमी करतात.

लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोल पाळी कायमची गेलेल्या बायांना देतात. सकाळी बोटं-गुडघे आखडतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून हाडांची डेक्सा तपासणी आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व विचारून घ्या. चालणं सोडू नका, चालल्यानं आखडणं खरंच कमी होतं.

इथं एक गोष्ट तरुण बायांनी नीट ऐकावी. केमोनं पाळी थांबते, पण ती परत येऊ शकते, आणि पाळी न येताही दिवस राहू शकतात. टॅमॉक्सिफेनवर असताना गर्भ राहणं बाळासाठी धोक्याचं आहे. पाळणा लांबवायच्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत, हार्मोन नसलेली तांबी चालते. नर्सबाईंशी मोकळं बोला. आणि लेट्रोझोलवर असताना पाळी परत आली तर लगेच कळवा, कारण अंडाशय चालू असेल तर नुसती ती गोळी काम करत नाही.

५. हात

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि शेतात राबणाऱ्या बाईचा जीव तर हातातच असतो. म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढतात, त्यावर शेक देतात. हातातलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या त्या काखेतून जातात. पाटात माती पडली की पाणी वाफ्यात तुंबतं, तसं हातात तुंबतं. याला लिम्फेडेमा म्हणतात. तो महिन्याभरात येऊ शकतो, पाच-सात वर्षांनीही येऊ शकतो. सुरुवातीला धरला तर उतरतो. जुना झाला की हात कडक होतो आणि मग आयुष्यभर सांभाळावा लागतो.

माझं असं झालं. २०१९ चा नोव्हेंबर, दुसरी वेचणी. वाळलेल्या बोंडाचं टोक डाव्या अंगठ्याजवळ लागलं. असं तर रोज लागतं, म्हणून लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मनगट लाल, ताप, हात सुजून बांगड्या रुतल्या. शेजारच्या काकूंनी हळदीचा लेप लावला, तेल चोळलं. चौथ्या दिवशी बांगड्या फोडून काढाव्या लागल्या आणि ग्रामीण रुग्णालयात सलाईनमधून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. पहिल्याच दिवशी जखम साबणानं धुऊन, लाल दिसताच गेले असते तर बहुधा गोळ्यांवर निभावलं असतं.

म्हणून हे करा.

मोजा. शिंप्याचा टेप घ्या. मनगट, कोपराच्या दहा सेंटीमीटर खाली, दहा सेंटीमीटर वर, अशा तीन जागा दोन्ही हातांच्या, दर महिन्याला एका वहीत. पहिलं माप ऑपरेशनआधीचं असेल तर सगळ्यात चांगलं. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक वाढला तर दाखवा. टेप नसेल तर बांगडी सांगते: काल सैल फिरत होती, आज अडकते. त्या हातात घट्ट बांगड्या भरूच नका. कासाराला सांगून एक-दोन सैल घ्या.

व्यायाम करा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, जिथं थांबतील तिथं खडूनं रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघेच्या थोडं वर. माझ्या सैपाकघराच्या भिंतीवर अजून त्या रेघा आहेत, मी त्या पुसू देत नाही. मूठ उघड-झाक, खांदे फिरवणं, खोल श्वास. खांद्याचे व्यायाम ऑपरेशननंतर कधी सुरू करायचे ते डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. हात गळ्यात बांधून ठेवला तर खांदा जाम होतो.

काम बंद करायचं नाही, हळूहळू वाढवायचं. वेचायला जाताना घरच्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात पातळ सुती मोजे. कमरेचं फडकं अर्धं भरलं की रिकामं करा. कापसाचं गाठोडं त्या हातानं झटक्यात उचलू नका, दोघींनी मिळून डोक्यावर द्या. सोयाबीनच्या सोंगणीत खुंट टोचतात, तिथं जास्त जपा. फवारणीचा पंप त्या खांद्यावर नको. चुलीवरून भांडं उतरवताना सांडशी आणि दुसरा हात. नखं कापताना कातडी ओढू नका. रोज रात्री हात धुऊन खोबरेल तेल लावायचं, म्हणजे कातडी भेगाळत नाही.

रक्त काढायला, सुई टोचायला, बीपी मोजायला शक्यतो दुसरा हात द्या. केंद्रात गर्दी असते, नर्सबाईंना आठवण नसते, आपणच आधी सांगायचं. जिवावर बेतलेली वेळ असेल तर मात्र हात बघत बसू नका.

सूज आलीच तर दाबाची बाही मिळते. ती माप घेऊन, माहीतगार फिजिओथेरपिस्टकडून घ्या. अंदाजानं घेतलेली घट्ट बाही सूज बोटांत ढकलते. दिवसा घालायची, झोपताना काढायची. साधारण सहा महिन्यांत ती सैल पडते. उन्हाळ्यात घामानं जीव नकोसा होतो, म्हणून जमलं तर दोन ठेवा, एक धुवायची आणि एक घालायची. कोणाकडूनही जोरात चोळून घेऊ नका.

लाली, गरमपणा, ताप: त्याच दिवशी दवाखाना. लेप नाही, उतारा नाही, 'उद्या बघू' नाही.

६. तारखेची वाट न पाहता जायचं, कधी?

ऑपरेशनच्या रेघेवर, काखेत, गळ्याच्या हाडावर किंवा दुसऱ्या स्तनात गाठ. कातडीवर पुरळासारखे कडक दाणे. पाठ, कंबर, मांडी यांत रात्रीही न थांबणारं आणि दोन-तीन आठवडे टिकलेलं दुखणं. सुका खोकला, दम. डोळे पिवळे. उलट्यांसह डोकेदुखी, झटका. कारण नसताना वजन उतरणं.

दर महिन्याला एक दिवस ठरवून आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघा. निंदण करून कंबर दुखते ते झोपल्यावर कमी होतं. झोपल्यावरही न थांबणारं दुखणं वेगळं असतं, ते तुमचं तुम्हाला ओळखू येतं. एकाएकी पायातली ताकद गेली किंवा लघवी अडकली तर गाडी करून निघायचं.

७. पैसा, प्रवास, कागद

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मोफत आहेत. पण बाहेरून लिहून दिलेली प्रत्येक तपासणी आणि रोजची गोळी त्यात बसतेच असं नाही. पैसे भरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा, नंतर विचारून परत मिळत नाहीत. हेल्पलाईन १५५३८८. सोबत रेशनकार्ड आणि आधार असू द्या. दोन्हीवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते आजच बघा, माझ्यासोबतच्या तिघी तिथंच अडकल्या होत्या.

एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. कॅन्सरच्या रुग्णांची वेगळी सवलतही आहे, आगारात विचारा. रेल्वेत उपचाराला आणि नियमित तपासणीला जाताना स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. त्यासाठी दवाखान्याच्या शिक्क्याचा ठरलेला फॉर्म लागतो आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढावं लागतं. लांबच्या गाड्यांसाठी आम्हाला वर्धा किंवा धामणगाव जवळ पडतं.

संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरनं काम न होणारी माणसंही बसतात. महिन्याला १५०० रुपये. वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं आजाराचं प्रमाणपत्र. अर्ज तहसीलमध्ये किंवा सेतूमध्ये, पोच घेतल्याशिवाय उठू नका. लाडकी बहीणचे पैसे चालू असतील तर दोन्ही मिळणार नाहीत, तेही आधी विचारून घ्या.

मुक्कामाची किंवा औषधाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात. बहुतेकांना हे पदच माहीत नसतं. त्यांची खोली शोधा.

८. घर, मन आणि ब्लाऊज

एक बाजू रिकामी असली की खांदा झुकतो, पाठ दुखते. विकतचा सिलिकॉनचा आकार महाग पडतो. मी सुती कापडाची पिशवी शिवून घरचा सरकी काढलेला कापूस भरला. नुसता कापूस हलका, ब्रा वर सरकते. म्हणून आत मूठभर मोहरीची वेगळी पुरचुंडी ठेवली. धुताना ती काढायची, नाहीतर बुरशी धरते. जखम पूर्ण भरल्याशिवाय घालू नका.

गावात काहींनी माझ्या हातचं पाणी प्यायचं सोडलं होतं. कॅन्सर लागट नाही. उष्ट्यानं, स्पर्शानं, एका अंथरुणावर झोपल्यानं होत नाही. हे नवऱ्यालाही सांगा, तो विचारत नसला तरी त्याच्या मनात असतं. आमच्यात वर्षभर बोलणंच नव्हतं, आणि ते फक्त भीतीमुळे होतं असं पुढं कळलं.

तारखेच्या आधीचा आठवडा झोप लागत नाही. अजूनही नाही लागत. रडू थांबत नसेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

खाण्यात वेगळं काही नाही: भाकरी, वरण, पालेभाजी, अंडी चालत असतील तर अंडी. घरचं सोयाबीन डाळीसारखं खाल्लं तर घाबरायचं कारण नाही, त्याच्या पावडरी आणि गोळ्या मात्र नकोत. वजन वाढू देऊ नका. तंबाखूचा खर्रा पूर्ण बंद, घरातल्यांचाही. मुळांचं चूर्ण देणारे दारापर्यंत येतात. त्यात काय आहे ते कोणी सांगत नाही आणि लिव्हरला सूज आली तर आपली गोळी थांबवावी लागते.

९. लेकी आणि बहिणी

हे सगळं मार्गी लागल्यावर एक फेरी त्यांच्यासाठी मारा. तीस वर्षांवरच्या बायांची स्तन, गर्भाशयाचं मुख आणि तोंड यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना दिवस विचारा. तुम्हाला चाळिशीच्या आत झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, किंवा आई-बहिणीलाही स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर पुढच्या तारखेला तुमच्या डॉक्टरांना जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा आणि कोणाला, कोणत्या वयात झाला ते घरून लिहून न्या. मी माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती दारातून परत फिरत होती. आता दर पोळ्यानंतर आम्ही दोघी एकाच एसटीनं जातो.